भाग जात नाही

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार ह्या तीन क्रिया मनुष्याला एकट्याने, दिवा मालवून अंथरुणावर पडल्यापडल्यासुद्धा करता येतात, आणि बहुतेक माणसे त्या तशाच करीत असतात; होणाऱ्या पगारवाढीची बेरीज, देण्यांची वजाबाकी आणि जमिनीच्या चढत्या भावाचा गुणाकार ह्यांत दुसऱ्या कोणाची लुडबूड त्यांना नको असते. भागाकाराचे तसे नाही. भागाकाराला दुसरा हिस्सेदार लागतो, आणि हिस्सेदार आला की त्याच्या मागोमाग संशय, साक्षीदार आणि मोजणीची साखळी ही मंडळी आल्यावाचून राहत नाहीत. शाळेत भागाकार चौथ्या क्रमांकावर ठेवला आहे तो अवघड म्हणून, असे गुरुजी सांगत. माझ्या मते, घरातील थोरली पिढी हयात असेतो त्याची गरज पडत नाही, म्हणून तो शेवटी ठेवला असावा.

हा भागाकार कधी निःशेष सुटतो, कधी सुटत नाही. ज्या संख्येने निःशेष भाग जातो ती विभाजक, आणि एक व ती स्वतः ह्यांखेरीज जिला दुसऱ्या कोणाचाच भाग जात नाही ती मूळ संख्या, ही व्याख्या अंकगणिताच्या पुस्तकात दीड ओळीत आटोपते. परंतु ह्या दीड ओळीने व्यवहारात जो घोळ घातला आहे तो दिवाणी कचेऱ्यांच्या दफ्तरखान्यात मावेनासा झाला आहे. आपले पूर्वज ह्या बाबतीत विलक्षण सावध असत. भाऊबंदकी टाळणे मनुष्याच्या हाती नाही हे पुरते ओळखून त्यांनी निदान नाणी, वजने आणि मापे तरी अशी ठरविली, की वाटणीची वेळ आल्यास दोष नशिबाला देता यावा, संख्येला देता येऊ नये.

जुन्या रुपयाचेच पाहा. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या पोटात १९२ पै. सहा दोन आणि एक तीन ह्यांच्या गुणाकाराने ही संख्या बनते; दोन सहा वेळा आला म्हणून सात, तीन एकदा आला म्हणून दोन, आणि सात दुणे चौदा, इतके तिचे विभाजक. दोन भाऊ असोत, चार असोत, आठ असोत, रुपया मुकाट्याने दुभंगत जातो. तिघे असले तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, आणि सहा असले तर दोन आणे आठ पै. पैचीसुद्धा बाकी नाही. जुन्या वाटणीपत्रांत ‘पाच आणे चार पै हिस्सा’ हे शब्द वाचताना ज्यांना हा आकडा कोठून आला असे वाटते, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की त्या घरात तीन भाऊ होते. त्यांचे आपसांत कसे होते हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते पुढच्या दाव्यांवरून कळते.

पुढे १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले, हिशेब सुटसुटीत झाला, शाळेतील मुलांच्या मानेवरचे जोखड उतरले, आणि तीन भावांवर मात्र कायमचा अन्याय झाला. शंभराचे विभाजक अवघे नऊ, आणि त्यांत तीन नाही. रुपया तिघांत वाटला तर प्रत्येकी ३३ पैसे मिळतात आणि एक पैसा मध्ये उभा राहतो. दशमान पद्धतीने पाच भावांना न्याय दिला, हे कबूल केले पाहिजे. कारण जुन्या रुपयाच्या पाच वाटण्या करू गेल्यास प्रत्येकाला तीन आणे दोन पै मिळून दोन पै उरत, आणि त्या दोन पैंवरून पाच सुना महिनाभर एकमेकींशी बोलत नसत. परंतु पाच भावांची घरे जसजशी विरळ होत गेली, तसतशी पाचांना अनुकूल अशी नाणी सरकारने काढावीत, ह्याला काय म्हणावे?

पैशांच्या बाबतीत उरलेली बाकी देवापुढे ठेवता येते. जमिनीचे तसे करता येत नाही. एकराचे ४० गुंठे आणि गुंठ्याचे १६ आणे हे कोष्टकही मोठे सोशिक आहे. पण जमीन नेहमी पुरा एकर मिळेलच असे नाही. समजा, वडिलांच्या मागे एक एकर सात गुंठे उरले आणि तीन मुलगे उरले. एक एकर सात गुंठे म्हणजे ४७ गुंठे, आणि ४७ ही मूळ संख्या. मोजणीच्या दिवशी बांधावर उभे राहून तलाठी सांगतो, की प्रत्येकी पंधरा गुंठे येतात आणि दोन उरतात. थोरला म्हणतो, “भाऊसाहेब, ते दोन माझ्याकडे राहू द्या, आईबाप मी सांभाळले.” धाकटा म्हणतो, “सांभाळलेत खरे, पण आंबाही त्या दोनातच येतो, दादा.” मधला काही बोलत नाही, तो वकिलाला भेटून आलेला असतो. तेव्हा असा तोडगा निघतो, की त्या दोन गुंठ्यांचे आणे करून वाटावेत. दोन गुंठ्यांचे आणे ३२, तिघांना दहा दहा, आणि बाकी पुन्हा दोन! हा काही तलाठ्याचा कावा नव्हे. सोळाला तिनाने भागले असता एक उरतो, म्हणून सोळा सोळाचे कितीही बारीक तुकडे करीत गेलो तरी ती दोनाची बाकी पिंडाच्या कावळ्यासारखी हटून बसते. रुपयाच्या पोटातला तीन हा आण्यात नव्हता, तो बारा पैंत होता. आणि गुंठ्याच्या आण्याखाली पै काढण्याची बांधावर कोणाची तयारी नसते. अखेर त्या दोन गुंठ्यांत विहीर आहे असे सर्वांच्या लक्षात येते आणि ते सामाईक राहतात, म्हणजे तंटाही सामाईक राहतो.

जमिनीच्या ज्या उताऱ्याला सारा महाराष्ट्र सातबारा म्हणून ओळखतो, त्यातील गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकाचा. सात ही मूळ संख्या, आणि बाराला एक, दोन, तीन, चार, सहा व स्वतः बारा असे सहा विभाजक. ज्याने हे क्रमांक दिले त्याच्या मनात काही होते असे म्हणण्याला आधार नाही. परंतु पीक वाटून खाता येते आणि हक्क वाटून घेता येत नाही, हे तत्त्व त्याने अजाणता नोंदवून ठेवले आहे. वारसाची नोंद ज्या फेरफाराच्या वहीत होते तिचा नमुना सहा. सहाचे स्वतःखेरीज विभाजक एक, दोन आणि तीन, आणि त्यांची बेरीज केली तर बरोबर सहाच भरतात. सर्व हिस्से एकत्र केले असता मूळ मिळकत जशीच्या तशी भरते, असा चमत्कार महसूल खात्याच्या दफ्तरात एवढ्या एका क्रमांकापुरताच घडलेला आहे. शेवटी १९४७ साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केला आणि ठरीव क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास मनाई केली. गणिताच्या भाषेत बोलायचे तर सरकारने जमिनीला हुकमाने मूळ संख्येचा दर्जा दिला. जमिनीने तो मानला. भावांनी मानला नाही.

विभाजकांची ही श्रीमंती ज्याने पारखून पाहिली तो मनुष्य मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होता, ह्याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आपल्याहून लहान अशा कोणत्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक अधिक, अशा संख्यांवर रामानुजन ह्यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. दोन, चार, सहा, बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ, एकशेवीस अशी ती मालिका चालते, आणि ती वाचताना आपल्याच घरातील जुन्या वस्तूंची यादी कोणी मोठ्याने वाचीत आहे असा भास होतो: बारा राशी, बाराचा डझन, दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, साठ संवत्सरे. गुरूला आकाशाची फेरी पुरी करण्यास सुमारे बारा वर्षे लागतात आणि शनीला सुमारे तीस. दोघांचा लघुतम साधारण विभाज्य साठ, म्हणजे दोघांचीही चाल ज्याच्या वाट्याला पुरेपूर येते असे मनुष्याचे आयुष्य साठीला पोहोचले की त्याची शांत करतात, हे योग्यच आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२०. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस, बाकी काही नाही. विलायती पत्त्यांची ५२ पाने तिघांत वाटू गेल्यास एक पान हातात राहते, आणि म्हणून आपल्या लोकांना ‘तीन-दोन-पाच’ खेळताना बावीस पाने बाजूला काढून तीस पानांवर यावे लागते. रामानुजनांच्या त्या निबंधाचे पुढे काय झाले हेही सांगण्यासारखे आहे. सोसायटीची आर्थिक स्थिती त्या वेळी ओढगस्तीची असल्यामुळे निबंधाचा काही भागच छापण्यात आला, आणि उरलेला भाग १९९७ साली रीतसर छापला गेला. विभाजकांवरील निबंधाचीच वाटणी व्हावी आणि बाकी ब्याऐंशी वर्षे लोंबकळत राहावी, हा योग लेखकाने योजून आणता आला नसता.

विभाजक आणि पटी ह्यांच्या स्वभावांत मोठा फरक आहे. विभाजक मोजके असतात आणि संख्येहून मोठे कधीच नसतात. पटी अगणित असतात आणि शून्य वगळले तर संख्येहून लहान कधीच नसतात. दोन्ही याद्यांत सामाईक असे नाव एकच, ते त्या संख्येचे स्वतःचे. पाढा म्हणजे पटींचीच यादी. ती वास्तविक कोठेच संपत नाही; शाळेने दहावर थांबून दया दाखविली आहे. जुन्या पंतोजींनी मात्र ती दया पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी अशा वाटांनी वसूल करून घेतली, आणि ज्याला साडेतिनाच्या पटी झोपेत म्हणता येतात अशी एक पिढी तयार केली. तरीही त्या पिढीचा कंठ एका ठिकाणी हमखास दाटून येई, ते ठिकाण एकोणतिसाचा पाढा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे, आणि तेथून पुढे वर्गातले आवाज एकामागून एक गळू लागत. ह्याचे कारण मुलांचा आळस नव्हे. चोवीसचा पाढा अडला तर बाराच्या पाढ्याची दुप्पट करता येते, सत्तावीसचा अडला तर नवाची तिप्पट, अठ्ठावीसचा अडला तर चौदाकडे जाता येते. एकोणतीस ही मूळ संख्या असल्यामुळे तिला संकटात हाक मारावी असे गोत्रज कोणी नाही. चलाख मुले शेजारच्या तिसाकडून उसने घेऊन एकेक परत करीत. परंतु उसनवारी ही पंतोजींना छडीइतकी प्रिय नसे.

एक ह्या संख्येविषयी येथेच सांगून टाकतो. प्रत्येक संख्येच्या विभाजकांत एक हजर असतो, पण त्याने भागल्याने कोणाचेही काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही, अशा प्रकारची माणसे प्रत्येक सभेच्या व्यासपीठावर असतात. त्याला मूळ संख्या म्हणावे की नाही, ह्याबद्दल गणित्यांत दीर्घकाळ एकमत नव्हते, आणि १९१४ साली अमेरिकेतील डेरिक नॉर्मन लेहमर ह्यांनी छापलेली मूळ संख्यांची भली मोठी यादी एकापासूनच सुरू होते. पुढे त्याला त्या पंक्तीतून उठविण्यात आले, कारण कोणत्याही संख्येची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारे होते हा जो मोठा सिद्धान्त, तो एकाला पंगतीत बसविल्यास बिघडतो. बारा म्हणजे दोन, दोन आणि तीन एवढे म्हणून थांबता येत नाही, त्याच्या मागे हवे तितके एक लावीत बसावे लागते.

आता एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायचे कसे? हे काम मी जितक्या वेळा कोणाला करताना पाहिले आहे तितक्या वेळा मला खातेनिहाय चौकशीची आठवण झाली आहे. फरक इतकाच की ही चौकशी संपते. समजा, १००९ ह्या संख्येने अर्ज केला, की मी मूळ संख्या असून मला तसा दाखला मिळावा. अननुभवी अधिकारी दोनापासून एक हजार आठापर्यंत सर्वांच्या जबान्या घेण्यास बसेल आणि निवृत्तीपर्यंत बसून राहील. मुरलेला शिरस्तेदार प्रथम साक्षीदारांची छाटणी करतो. दोनाने भाग जात नसेल तर चार, सहा, आठ ह्यांना बोलावण्याचे कारण नाही, कारण ते दोनाचेच ऐकून बोलणारे; म्हणून साक्षीला फक्त मूळ संख्याच बोलवाव्या. दुसरे, विभाजक नेहमी जोडीने येतात, बारामध्ये दोनाबरोबर सहा आणि तिनाबरोबर चार येतात तसे. आणि जोडीतील दोघेही संख्येच्या वर्गमुळाहून मोठे असूच शकत नाहीत, कारण तसे असते तर त्यांचा गुणाकार संख्येला ओलांडून गेला असता. सबब जोडीतील धाकट्याला शोधले की पुरे, आणि धाकटा वर्गमुळाच्या अलीकडेच सापडला पाहिजे. एकतीस वर्ग ९६१ आणि बत्तीस वर्ग १०२४, म्हणजे एकतिसापुढे कोणाला समन्स काढण्याची गरज नाही. एक हजार सात साक्षीदार कमी करून पाहता पाहता अकरांवर आणणे, ही कला आपल्या कचेऱ्यांना अवगत असती तर किती निवृत्तिवेतने वेळेवर सुरू झाली असती!

चौकशीला प्रारंभ होतो. शेवटचा अंक नऊ, सबब दोन आणि पाच ह्यांचे काही म्हणणे नाही. अंकांची बेरीज दहा, तिला तिनाने भाग जात नाही, सबब तीनही बाजूला झाला. दहा, शंभर, हजार ह्या प्रत्येकाला तिनाने भागले असता एकच उरतो, म्हणून अंकांची नुसती बेरीज पाहून तिनाचे काम भागते, आणि हीच सवलत नवालाही आहे. साताला असली कोणतीही सवलत नाही. सातासाठी शेवटच्या अंकाची दुप्पट करून ती उरलेल्यांतून वजा करण्याची एक युक्ती सांगतात, परंतु ती आठवेपर्यंत भागाकार करून होतो. साताने भागता एक उरतो. अकराने आठ, तेराने आठ, सतराने सहा, एकोणिसाने दोन, तेविसाने वीस, एकोणतिसाने तेवीस, आणि शेवटचा साक्षीदार एकतीस, त्याने भागता सतरा. एकही साक्षीदार निःशेष बोलला नाही. सबब १००९ ही संख्या मूळ असल्याचा दाखला देण्यास हरकत नाही.

एकेकट्या संख्येची चौकशी न करता गावच्या गाव चाळून काढण्याची रीत एराटोस्थेनीस नावाच्या ग्रीक पंडिताने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात घालून दिली. एकापासून शंभरापर्यंत संख्या लिहून एकाला आधीच बाजूला ठेवले, मग दोन, तीन, पाच आणि सात ह्यांना स्वतःला शाबूत ठेवून त्यांच्या पटी खोडीत गेले की उरतात त्या पंचवीस मूळ संख्या. हा गृहस्थ अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता, त्याने पृथ्वीचा परीघ मोजला, आणि तरीही सर्व विषयांत दुसरा येतो म्हणून लोक त्याला बीटा, म्हणजे दुसरा, असे चिडवीत. दोन ही मूळ संख्या आहे आणि एक नाही, हे त्या चिडविणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. आपल्याकडे नारायण पंडितांनी १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त अवयव शोधण्यासाठी याहून खुबीची वाट दाखविली आहे: संख्येत एखादा वर्ग असा मिळवावा की बेरीजही वर्गच होईल. २०२१ मध्ये चार मिळविले की पंचेचाळीस वर्ग होतो. चार हा दोनाचा वर्ग. मग पंचेचाळिसांत दोन मिळवून ४७ आणि दोन वजा करून ४३, हे दोन अवयव आपण होऊन हजर होतात. ज्या वर्षी सारी माणसे दारे लावून घरात बसली होती त्या वर्षाचा आकडा असा दोघा भारदस्त मूळ संख्यांनी शेजारी शेजारी बसून तोलून धरला होता, ह्याची तेव्हा कोणी दखल घेतली नाही.

दाखल्यावाचून मूळ संख्या म्हणून वावरणाऱ्या संख्याही पुष्कळ असतात. एक्याण्णव पाहा: चेहरा गंभीर, अखेरचा अंक विषम, अंकांची बेरीज दहा, पाढ्यांत कोठे भेटल्याचे आठवत नाही; आणि आत पाहावे तो सात तेरे एक्याण्णव. सत्तावन्नही तशीच, एकोणीस त्रिक सत्तावन्न हे कळल्यावर तिच्याकडे पूर्वीच्या आदराने पाहता येत नाही. रामानुजन आजारी असताना गणितज्ञ हार्डी ज्या टॅक्सीतून त्यांना भेटायला गेले, तिचा १७२९ हा क्रमांक त्यांना नीरस वाटला होता. रामानुजनांनी तत्काळ सांगितले, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. परंतु देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या नजरेने पाहिले तर १७२९ चा आणखी एक गुण दिसतो. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी हर्षद संख्या असे नाव दिले. १७२९ च्या अंकांची बेरीज एकोणीस, आणि एकोणिसाने भागले असता येतात एक्याण्णव, म्हणजे एकोणिसाचेच अंक उलटे होऊन समोर उभे. कापरेकरांच्या नावाने जगभर ओळखली जाणारी ६१७४ ही संख्याही हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज अठरा, आणि भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन. मास्तरांच्या पगारात हर्षद असे काही नसते, तेव्हा त्यांनी ते संख्यांत शोधले असावे.

एखादी संख्या भागली जाईल हे ठरणे आणि ती कशी भागली जाईल हे कळणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने वाटपाचा दावा लढविला आहे त्याला सांगावे लागत नाही. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा करते, की वाटप व्हावे व अमुकाचा हिस्सा इतका. शेतसाऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष फोड मग कलेक्टरांकडे जाते, आणि मधल्या काळात दोन्ही बाजूंचे मूळ वादी कैलासवासी होतात. संख्यांच्या दरबारातही हेच घडले आहे. मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ साली ठोकून दिले, की दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक ही मूळ संख्या आहे. १८७६ साली ल्यूका ह्यांनी सिद्ध केले, की ती मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते हे त्यांना सांगता आले नाही. हा झाला प्राथमिक हुकूमनामा. प्रत्यक्ष वाटप व्हायला १९०३ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे गृहस्थ, असे सांगतात, की एक अक्षरही न बोलता फळ्यापाशी गेले, त्यांनी एका बाजूला १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ हा आकडा काढला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ ह्यांचा हाताने गुणाकार केला, दोन्ही उत्तरे एक आली, आणि ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. हे अवयव शोधायला किती वेळ लागला असे विचारता, तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. आपल्याकडे रविवारी नातेवाईक येतात, म्हणून असले शोध लागत नाहीत.

ह्या अडचणीचाच पुढे लोकांनी धंदा केला. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार यंत्र क्षणार्धात करते, परंतु गुणाकार हाती देऊन अवयव मागितले तर तेच यंत्र बसून राहते. ह्या विषमतेवर १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन ह्यांनी कुलूप बसविले, आणि पेढ्यांचे व सरकारांचे कितीतरी गुप्त व्यवहार त्या कुलपामागे चालू लागले. म्हणजे ज्या भाग न जाण्यापायी तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढल्या, त्याच्याच भरवशावर आता लोक पैसे ठेवतात. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.मधील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे माफक वेळात आणि निःसंशय ठरविण्याची रीत शोधून काढली, तेव्हा पुष्कळांना कुलपाची धास्ती वाटली. ती व्यर्थ होती. ती रीत संख्या फुटते की नाही एवढेच सांगते. कोठे फुटते ते सांगत नाही. प्राथमिक हुकूमनामा लवकर मिळू लागला, इतकेच. कलेक्टरांकडचे काम जेथल्या तेथे आहे.

ह्या साऱ्या विद्येचा सामान्य गृहस्थाला उपयोग काय, असे कोणी विचारील; तर लग्नसराईत आहे. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि तिचे समर्थन करताना जाणती माणसे सांगतात, की त्या रुपयाने रकमेला भाग जाईनासा होतो आणि जोडप्यात वाटणी होत नाही. हेतू उदात्त आहे; पण रकमा कोणी तपासलेल्या दिसत नाहीत. अकरा, एकशेएक, एकशे एकावन्न आणि दोनशे एकावन्न ह्या मूळ संख्या आहेत, त्यांविषयी तक्रार नाही. एकवीस मात्र सात त्रिक, एकावन्न सतरा त्रिक, ५०१ म्हणजे १६७ त्रिक आणि ५००१ म्हणजे १६६७ त्रिक; तीन तिगाडा काम बिगाडा म्हणत ज्या लोकांनी शुभकार्याला तिघांनी मिळून निघू नये असा दंडक घातला, तेच लोक तिनाने फुटणाऱ्या रकमा हळदीकुंकू लावून वर्षानुवर्षे देत आले आहेत. हजारएकाला तर सात, अकरा आणि तेरा अशा तिघांचा भाग जातो. तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे, की वर एकाऐवजी तीन रुपये घालावे. २३, ५३, १०३, ५०३ आणि ५००३ ह्या पाचही रकमा मूळ संख्या आहेत, आणि आहेराच्या वहीत त्या लिहून घेताना वधूचे मामा क्षणभर थबकतील तो लाभ वेगळा. हजाराच्या घरात मात्र ही युक्ती चालत नाही. १००३ ला सतराचा भाग जातो. तेथे १००९ द्यावे.